वेळेवर सुरू झालेली सभा

मागच्या रविवारी फोनवर धाकट्यानं सांगितलं की तो फावल्या वेळात ज्या संस्थेसाठी लेख लिहितो आणि तपासतो, तिची वार्षिक सभा झाली. सगळ्यांनी ती घरबसल्या पडद्यावर पाहिली आणि त्याला उत्तम स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्रही मिळालं. मग थोरलीनं विचारलं, "आजी, तुमच्याकडे असलं काही होतं का?"

होतं. पण ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. क्रमानं लिहिते. क्रम चुकला तर तुम्हाला वाटेल की आजी एका मीटिंगवरून इतकी का कळवळते.

सुरुवात भूकंपापासून करावी लागेल. लातुरात आमच्या घराला नुसते तडे गेले. औसा-निलंग्याकडच्या गावांचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. मी ते पाहिलं आहे आणि इथे लिहिणार नाही. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले, तेव्हा तिथल्या दहावी-बारावीच्या मुलांजवळ एक पुस्तक नव्हतं. पुस्तकं घरांखाली होती. आम्ही लातूर-नांदेडचे काही शिक्षक धडे सोप्या मराठीत लिहून काढायचो, स्टेन्सिल कापायचो, सायक्लोस्टाईलवर प्रती काढून शेडमध्ये वाटायचो. माझं शिक्षण हैदराबादला, सगळं इंग्रजीतून. म्हणून इंग्रजी पुस्तकातलं समजून घेऊन मराठीत मांडण्याचं काम माझ्याकडे आलं. एका शेडमधली मुलगी ते कागद उतरवून घ्यायची आणि शेजारच्या शेडमध्ये द्यायची. कोणी कोणाला विचारत नसे. पुढे आम्ही रीतसर नोंदणी करून संस्था केली, तेव्हा घटनेत पहिलं कलम हेच घातलं: इथे तयार झालेलं कोणीही घ्यावं, उतरवावं, वाटावं, परवानगी मागू नये.

मी त्या संस्थेची सचिव होते. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. लिहिणारे सगळे स्वयंसेवक. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, तिच्या शेवटी स्वयंसेवकांचा सत्कार, शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र, आणि मग सगळ्यांना जेवण.

या सभेची एक रीत पडून गेली होती. सभेला ठरावीक सभासद हजर असावे लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. ती झाली नाही तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवायची. मग गणपूर्तीची अट राहत नाही. ही ओळ आपल्याकडे प्रत्येक सोसायटीच्या, प्रत्येक पतपेढीच्या नोटिशीत तळाला असते. आमच्या लोकांनी तिचा सोयीचा अर्थ काढला होता. खरी सभा अर्ध्या तासानंतरची. ठरल्या वेळी हॉलमध्ये मी, गुरुजी आणि रिकाम्या खुर्च्या. गुरुजी घड्याळ बघून म्हणायचे, "बाई, लिहा. गणपूर्तीअभावी तहकूब." मी लिहिलं की मग लोक पान खात, गप्पा मारत आत यायला लागायचे.

मला याचा भयंकर राग. दर नोटिशीत मी लाल शाईनं लिहायची, "कृपया वेळेवर यावे." तुमचे आजोबा म्हणायचे, "लिहीत जा तू. ती लाल शाई पाहिली की लोकांना कळतं, अजून अर्धा तास आहे."

दरम्यान लातूर बदललं. बघता बघता गल्लोगल्ली क्लास निघाले. बाहेरगावची मुलं, खानावळी, एका खोलीत ओळीनं टाकलेल्या खाटा, चौकाचौकात मेरिटच्या मुलांचे मोठे फोटो. सगळ्यात मोठा क्लास ज्यांचा होता, त्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणायचं. ते आमच्यातलेच होते. भूकंपाच्या वर्षी शेडच्या पत्र्यावर खडूनं गणितं सोडवून देणारा हा तरुण मास्तर मला फार आवडायचा. आता नांदेडलाही त्यांची शाखा होती.

ज्यांना क्लासची फी झेपत नव्हती, त्यांच्यासाठी आमची टिपणं होती. रेणापूर, चाकूर, उदगीर अशा ठिकाणी लोकांनी अभ्यासाच्या खोल्या काढल्या होत्या; तिथे आमच्या टिपणांचे संच जायचे आणि मुलं ते उतरवून घ्यायची. नांदेडला एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेनं आपल्या घरातली पुढची खोली खेड्यातल्या मुलींना दिली होती. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. ताईंच्या खोलीवरच्या मुली त्या वर्षी बारावीला होत्या. अभ्यासक्रम नुकताच बदलला होता, जुने संच निरुपयोगी झाले होते. भौतिकशास्त्राचा नवा संच आम्ही नुकता पुरा केला होता. गणितं आणि आकृत्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या, मराठी माझं. संच पुरा झाला आणि पंधरवड्यात ते प्राध्यापक हृदयविकारानं गेले. त्या संचाची एकच हस्तलिखित प्रत संस्थेच्या कपाटात होती. सभा झाली की नव्या संचाच्या प्रती काढून सगळ्या खोल्यांना पाठवायच्या, असा नेहमीचा शिरस्ता होता.

सभेच्या आधी सर माझ्या घरी आले. संस्थेला क्लासच्या इमारतीत जागा, संगणक, सत्काराचा सगळा खर्च, असं बरंच काही ते देणार होते. त्या बदल्यात पहिलं कलम बदलायचं. संच एका समितीच्या ताब्यात, समितीवर ते, आणि परवानगीशिवाय कोणी प्रत काढायची नाही.

"मॅडम, फुकटच्या वस्तूला किंमत राहत नाही," ते म्हणाले. "आपली टिपणं गंजगोलाईच्या बाजारात चुका करून विकून राहिलेत लोक. नाव आपलं खराब होतं."

"विकणाऱ्याला पकडा. उतरवणाऱ्या मुलीला मनाई कशाला?"

"मनाई कुठं? अर्ज करायचा. योग्य असेल त्याला देऊ."

"योग्य कोण, ते कोण ठरवणार?"

त्यांनी कपातला चहा संपवला. "सभा ठरवील ना मॅडम."

आजोबा आणि मी बसून हिशोब मांडला. सरांनी आपल्या क्लासमधले लोक रीतसर वर्गणी भरून सभासद केले होते. आमच्यातले काही संध्याकाळी त्यांच्याकडे शिकवायला जात. काहींची मुलं त्यांच्या खास तुकडीत होती. गुरुजींचा नातूसुद्धा. फक्त नांदेडची मंडळी पूर्ण आमच्या बाजूची होती. ती आली तर ठराव पडणार, नाही आली तर पास होणार. इतकं ते सरळ होतं.

मी एसटीडी बूथवरून ताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आसं कसं करतील हो?" ताई म्हणाल्या. "माझ्या पोरींनी काय करायचं? आम्ही सगळे येतो मॅडम. जीपच सांगतो. हात वर करतो न् पाडतो."

"वेळेवर या पण. वेळेवर म्हणजे अगदी वेळेवर."

"हाव हो. ते तर तुम्ही दरसाली म्हणता."

"ताई, या वेळी गणपूर्ती होईल. सर माणसं आणतील."

ताई खळखळून हसल्या. "मॅडम, लई घाबरून राहिलात तुम्ही. आजवर कधी झाली का गणपूर्ती? तहकूब व्हायच्या आत पोचतो बघा." आणि लाईन तुटली. पुन्हा लावला तर लागेना. मी नांदेडच्या आणखी दोघांना पत्रं टाकली. पत्रात मी तेच लिहिलं जे इतकी वर्षं लिहीत होते. वेळेवर या. दुसरं काय लिहिणार? संचाच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात, हे तेव्हा सुचलंच नाही; सगळा भरवसा मतांवर होता.

सभेच्या दिवशी मी हॉलवर लवकर गेले आणि दारातच थांबले. खुर्च्या भरल्या होत्या. इस्त्रीचे शर्ट घातलेले क्लासचे लोक ओळीनं बसले होते, आमच्यातलेही बरेच. ज्यांना मी कधी वेळेवर पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी माझ्या आधी आले होते. सर दारात उभे राहून सगळ्यांना हात जोडत होते.

मी आजोबांना बाजूला घेतलं. "स्कूटर काढा आणि नांदेड रोडला जाऊन बघा. जीप दिसली की सांगा, चहाला थांबू नका म्हणावं."

ठरल्या वेळेला गुरुजी उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणपूर्ती झाली आहे. सभा सुरू करू या."

मी म्हटलं, "गुरुजी, नांदेडची मंडळी वाटेत आहेत. थोडं थांबू."

सर पहिल्या रांगेतून अगदी नम्रपणे बोलले, "मॅडम, वेळेवर सुरू करा म्हणून आम्हाला तुम्हीच शिकवलं. आज पहिल्यांदा तुमचं ऐकलं तर तुम्हालाच नको?"

लोक हसले. गुरुजीही हसले, मग ओशाळून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, मला आता थांबवता येत नाही. नियम आहे."

आयुष्यभर मी वेळ वाया घालवणाऱ्यांवर चिडत आले. त्या दिवशी मी तेच करायला बसले. प्राध्यापकांच्या श्रद्धांजलीचा ठराव मांडला, त्यांच्याविषयी जितकं बोलता येईल तितकं बोलले, सगळ्यांना उभं केलं. सगळे बसल्यावर मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. मागून कोणी ओरडलं, "वाचलं असं समजावं!" आणि पाठोपाठ "मंजूर, मंजूर!" मी वाचतच राहिले. शब्द न् शब्द वाचला. मग अहवाल. रेणापूरला कोणते संच गेले, उदगीरला कोणते. माझा घसा कोरडा पडला, कागदावरची अक्षरं हलायला लागली. मधून मधून कान रस्त्याकडे. एखादी गाडी वळली की मी दाराकडे बघे, आणि ती पुढे निघून जाई.

"मॅडमना पाणी द्या," सर म्हणाले. "वाचू द्या त्यांना. त्यांचा हक्क आहे."

शेवटी मी म्हटलं की सत्कार आधी घेऊ, लांबून आलेल्यांना परत जायचं असतं.

"लांबून आलेले कुठं हायत?" कोणीतरी विचारलं, आणि पुन्हा हशा.

सरांनी नोटीस वर धरली. "विषयपत्रिका मॅडमच्याच सहीची आहे. ठराव आधी, सत्कार शेवटी." खरं होतं. लोक सत्कार घेऊन निघून जाऊ नयेत म्हणून दरवर्षी मीच तो शेवटी ठेवायची.

ठराव वाचला गेला. मी विरोधात बोलले. शेडमधल्या मुलींचं बोलले, तर समोर बसलेल्यांपैकी काहींनी माना खाली घातल्या. माना खाली ठेवूनच त्यांनी हात वर केले. हात मोजायचं काम सचिवाचं. मी रांगेरांगेनं मोजले. गुरुजी म्हणाले, "ठराव मंजूर," आणि चष्मा काढून पुसत बसले.

गुरुजी पुढचा विषय पुकारत होते तेव्हा दारात गलका झाला. नांदेडची मंडळी. धुळीनं माखलेली, खुशीत. ताई सगळ्यांच्या पुढे, हातात कागदाची पुडी.

"झाली का तहकूब?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग भरलेल्या खुर्च्या पाहून, "आग बया! आज एवढी गर्दी?"

चाकूरला ते नाश्त्याला उतरले होते. अर्धा तास हाताशी आहे म्हणून. पुडीत माझ्यासाठी चुरमुऱ्यांचा गरम सुशीला बांधून आणला होता. आजोबा त्यांच्या मागून आत आले आणि माझा चेहरा बघून जागीच थांबले.

मला ताईंना बाजूला घ्यायलाही वेळ मिळाला नाही. सत्कार सुरू झाले होते आणि त्या वर्षी पहिला सत्कार ताईंचाच होता. माईकवर नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, ताई पदर सावरत व्यासपीठावर गेल्या. गुरुजींनी शाल घातली, नारळ दिला. कोणीतरी म्हणालं, "ताई, दोन शब्द."

ताई हसत माईकसमोर उभ्या राहिल्या. "मी काय बोलू? माझ्या खोलीवरच्या पोरींनी सांगितलंय, ताई, शाल नका आणू, भौतिकचा संच आणा. परीक्षा आली जवळ. तर आज मी संच घेऊनच जाणार. आणि ठरावाचं म्हणाल तर आम्ही नांदेडचे सगळे विरोधात हाव. घ्या आता मतं."

ताई हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी मला शोधलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा हात नारळावर तसाच राहिला.

सर उठले, माईकजवळ गेले. "ताई, ठराव झाला आहे. तुम्ही काळजी करू नका. समितीकडे अर्ज करा, पुढच्या बैठकीत नक्की विचार करू."

"पुढची बैठक कधी?"

"कळवू."

"आन् परीक्षा?"

पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी जेवले नाही. कपाटाची किल्ली अजून माझ्याजवळ होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या समितीसाठी गुरुजींकडे द्यायची होती. सगळे पंगतीत बसले असताना मी कपाट उघडलं, भौतिकचा संच काढला, पदराखाली घेतला आणि मागच्या दारानं निघाले. ताई आणि आजोबा सोबत. प्रती काढायच्या, ताईंना एक, बाकीच्या रेणापूर, चाकूर, उदगीरला, आणि मूळ परत कपाटात ठेवायचं. तो रविवार, त्यामुळे गावातली झेरॉक्सची दुकानं बंद. क्लासच्या गल्लीतलं एक तेवढं उघडं होतं, कारण तिथे रविवारी चाचण्या असत.

दुकानदारानं पहिली पानं मशीनवर ठेवली, एक-दोन प्रती निघाल्या, मग त्यानं कागद उलटून पाहिले. "मॅडम, हे सरांचं हाय का?"

"हे आम्ही लिहिलंय," मी म्हटलं. "अक्षर बघा, माझं आहे."

"न्हाई मॅडम. माझं दुकान त्यांच्यावर चालतं." त्यानं मशीन बंद केलं आणि शेजारच्या बूथवर फोन करायला गेला.

आजोबा म्हणाले, "चला, मूळच द्या ताईंना. जीपमध्ये बसवा आणि निघू द्या."

तेच करायला हवं होतं आणि तेच करायला आम्ही निघालो होतो. जीप हॉलसमोर उभी होती, तिथवर पोचलो नाही. सर समोरून चालत आले, अजून हातात जेवणानंतरचं पान. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसता हात पुढे केला.

"मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुम्ही शिस्तीच्या."

ताई मध्ये आल्या. "सर, तुम्ही शेडमध्ये शिकवलंय हो. एक पोरगी तुमच्या हाताखाली शिकली तिथं. तिची धाकटी बहीण हाय माझ्या खोलीवर. एक प्रत द्या. एकच."

"ताई, तिला नांदेडच्या शाखेत पाठवा. फीमध्ये सवलत देतो. माझा शब्द."

"अर्धी फी बी कुठून आणील ती?"

गल्लीत मुलं जमायला लागली होती, क्लासमधून सुटलेली, पाठीवर दप्तरं. सगळी सरांना नमस्कार करत होती आणि आमच्याकडे बघत होती. आजोबांनी माझ्या दंडाला धरलं. मी संच दिला. का दिला, हे तुम्ही विचाराल. त्यांच्याकडे सभेचा ठराव होता आणि ती सभा मीच बोलावली होती. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, आजही सुचत नाही.

ताई जीपमध्ये बसल्या तेव्हा शाल त्यांच्या अंगावर तशीच होती. नुसतं म्हणाल्या, "मॅडम, पोरींना काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना किल्ली दिली. त्यांनी ती हातात घेतली, काही बोलायला गेले, मग "चहा घेता का बाई?" एवढंच म्हणाले. मी नको म्हटलं.

त्यानंतर मी भौतिकचा संच पुन्हा लिहायला बसले. माझं मराठी मला आठवत होतं, धड्यांची सुरुवात आठवत होती. गणितं मला येत नव्हती. प्राध्यापकांच्या घरी जाऊन त्यांचे कागद मागितले. त्यांच्या पत्नीनं कपाटं उघडून दाखवली, कच्चं काहीच ठेवलेलं नव्हतं. कॉलेजातल्या ओळखीच्यांना विचारलं. कोणी म्हणालं वेळ नाही, कोणी म्हणालं सरांना कळलं तर अडचण होईल. मी एकटी लिहीत राहिले. आजोबा सकाळी उठून टेबलावरचे कागद बघायचे आणि फिरायला जायचे. चौथ्या धड्यापाशी मी अडले, आणि तिथून पुढे गेले नाही.

परीक्षेच्या तोंडावर खोल्यांवरून पोस्टकार्डं यायला लागली. चाकूरहून, उदगीरहून, रेणापूरहून. एक नांदेडहून, ताईंच्या खोलीवरच्या मुलीच्या अक्षरात. सगळ्यांत एकच विचारलेलं, भौतिकचा संच कधी पाठवता? मी प्रत्येक कार्डाला वेगळं उत्तर लिहिलं. नमस्कार वेगळा, ख्यालीखुशाली वेगळी. मधली ओळ मात्र सगळ्यांना एकच लिहावी लागली, की या वर्षी संच येणार नाही, वाट पाहू नये.